विश्लेषण : विमानाच्या पंखांना कापूस हवा की पॉलिस्टर?

तेल्हारा, अकोट, अकोला या पट्ट्यात कापसाबद्दल कोणाला काही शिकवावे लागत नाही. धाग्याची लांबी, रुईचा उतारा, सरकीचा भाव हे इथले रोजच्या बोलण्यातले विषय. पण एके काळी कापसाच्या कापडाने विमानांचे पंख मढवले जात आणि वैमानिकाचा जीव त्या कापडाच्या ताणावर अवलंबून असे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. जगात आजही हजारो हलकी विमाने कापडी आवरणाची आहेत. काही वर्षांनी ते कापड कुजते, फाटते, मग सगळे उतरवून नवे चढवावे लागते. तेव्हा कापड कोणते घ्यायचे, धागा कोणता, लेप कोणता, हा वरकरणी खरेदीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो जिवाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे : सुटे कापड निवडूच नये, कापडापासून शेवटच्या रंगापर्यंतची एक संपूर्ण, मान्यताप्राप्त पद्धत निवडावी. आणि वऱ्हाडासारख्या उन्हाच्या मुलखात ती पद्धत पॉलिस्टरची असावी, कापसाबद्दल कितीही जिव्हाळा असला तरी.

विमानाला कापड कशासाठी?

हलक्या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा किंवा लाकडाचा असतो. पंखात आडव्या तुळया आणि त्यांना जोडलेल्या फासळ्या असतात. या सांगाड्याला हवेत आकार देते ते वरचे आवरण. पत्र्यापेक्षा कापड हलके, दुरुस्तीला सोपे आणि स्वस्त. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते ‘पस मॉथ’ विमान कापडी आवरणाचेच होते. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टने बेंगळुरूत बनवलेले दोन आसनी ‘पुष्पक’ १९५८ मध्ये प्रथम उडाले. ते दीडशेच्या आसपास संख्येने तयार झाले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले. त्याचाही सांगाडा कापडाने मढवलेला. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये तरुणांनी ज्या ‘रोहिणी’ ग्लायडरवर धडे घेतले, ते लाकूड, प्लायवूड आणि कापडाचे होते.

हे कापड केवळ झाकण नव्हे. उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड बाहेरच्या बाजूला ओढले जाते. तो ओढा टाक्यांमधून फासळ्यांवर आणि फासळ्यांतून तुळयांवर जातो. विमान उचलले जाते ते याच साखळीमुळे. त्यातली एक कडी कच्ची असली, तर बाकीच्यांची मजबुती वाया जाते.

कापसाचे कापड कसे असायचे?

सुरुवातीला विमानांसाठी आयर्लंडचे लिनन वापरत. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि रशियातून येणारा जवसाचा धागा आटला, तेव्हा कापसाकडे लक्ष गेले. त्यातून पुढे ‘ग्रेड ए’ नावाचा दर्जा रूढ झाला. लांब धाग्याच्या कापसाचे, मर्सराइज केलेले, इंचाला ८० ते ८४ धागे असलेले कापड. वजन चौरस मीटरला साधारण १३५ ते १५० ग्रॅम. एक इंच रुंदीची पट्टी ओढली, तर नव्या कापडाने किमान ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो भार सोसला पाहिजे. वापरात ते कमजोर होत जाते. ही ताकद ५६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे २५ किलोंच्या खाली गेली, की ते विमान उडण्यास अयोग्य. हळू उडणाऱ्या आणि पंखांवर कमी भार असलेल्या विमानांसाठी थोडे हलके कापड चालते. त्याचे आकडे ६५ आणि ४६ पौंड.

वऱ्हाडचा जुना देशी कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ नावाने ओळखला जाई. तो आखूड धाग्याचा. दणकट, पण बारीक सूत निघायला अवघड. म्हणजे ज्या काळात विमाने कापसाची होती, त्या काळातही विमानाचे कापड वऱ्हाडच्या पऱ्हाटीतून निघण्याजोगे नव्हते. ‘आपला कापूस, आपले विमान’ ही कल्पना ऐकायला गोड आहे, पण तिला इतिहासाचा आधार नाही.

कापूस मागे का पडला?

कापूस सेंद्रिय आहे. त्याला ओल लागली की बुरशी धरते, ऊन लागले की धागा ठिसूळ होतो. उघड्यावर उभ्या विमानाचे कापसाचे आवरण चार-पाच वर्षांत जवाब देऊ शकते, चांगल्या शेडमध्ये ते साधारण आठ-दहा वर्षे निभावते. सर्वांत आधी खराब होते ती पंखाची वरची बाजू आणि त्यातही गडद रंगाचा भाग, कारण तिथे ऊन जास्त शोषले जाते. म्हणून जाणकार तपासनीस कापडाची ताकद खालच्या, सावलीतल्या बाजूला नव्हे, तर नेमकी याच ठिकाणी तपासतो.

पॉलिस्टर आल्यावर हिशेब बदलला. मध्यम वजनाचे मान्यताप्राप्त पॉलिस्टर चौरस मीटरला ९०-९५ ग्रॅमच्या घरात असते, म्हणजे कापसापेक्षा हलके, आणि तरीही इंचाला १०० पौंडांहून अधिक भार सोसते. बुरशी त्याला खात नाही. नीट लेप दिलेले आणि शेडमध्ये ठेवलेले पॉलिस्टर वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकल्याची उदाहरणे सर्रास आढळतात.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. विमान मुळात ‘ग्रेड ए’ कापडासाठी प्रमाणित असेल, तर त्यावर चढवलेल्या पॉलिस्टरची किमान ताकदही त्याच ५६ पौंडांवरून ठरते. नवे कापड किती दणकट होते, यावर ती ठरत नाही. पॉलिस्टर सुरुवातच वरून करते, त्यामुळे ती रेषा गाठायला त्याला बराच जास्त काळ लागतो. त्याचे आयुष्य मोठे असण्याचे हेही एक कारण.

बाजारातले पॉलिस्टर का चालत नाही?

अकोल्याच्या कापडबाजारात पॉलिस्टर मीटरच्या हिशेबाने मिळते. मग विमानाच्या शिक्क्याचे महाग कापड कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर कापड आवळण्याच्या रीतीत आहे.

कापसाचे कापड सांगाड्यावर चढवून आधी पाण्याने ओले करतात. ते वाळताना आवळते. मग त्यावर लेप दिला की ढोलाच्या चामड्यासारखे ताणले जाते. पॉलिस्टरला पाण्याने काही होत नाही. ते इस्त्रीच्या उष्णतेने आवळते. हे काम टप्प्याटप्प्याने करतात : साधारण १२० अंश सेल्सियस, मग १५०, आणि शेवटी सुमारे १७५. त्यापुढे गेल्यास ताण वाढण्याऐवजी सुटू लागतो, आणि २५०-२६० अंशांना पॉलिस्टर वितळते. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर ‘कॉटन’, ‘सिल्क’ लिहिलेले असते, अंश नव्हे. म्हणून या कामाची इस्त्री थर्मामीटर लावून तपासावीच लागते.

कपड्यांसाठीचे पॉलिस्टर गिरणीतच उष्णता देऊन स्थिर केलेले असते, धुतल्यावर आटू नये म्हणून. म्हणजे विमानाला जो गुण हवा, तोच त्यातून आधी काढून टाकलेला. शिवाय त्यावर चकाकीसाठी, मऊपणासाठी रसायने असतात, त्यावर लेप धरत नाही. विमानाला लागते ते कोरे कापड, ठरावीक विणीचे, ठरावीक वजनाचे, काठावर छाप असलेले आणि सोबत प्रमाणपत्र असलेले. ती छाप चढवण्यापूर्वी तपासून नोंदवहीत लिहिणे ही निव्वळ कागदी औपचारिकता नाही. दहा वर्षांनी पंखावर नेमके काय आहे हे सांगणारा तोच एक पुरावा उरतो.

लेपाचे इतके महत्त्व का?

नुसते कापड हवा अडवत नाही आणि पॉलिस्टर नुसते ठेवले तर सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याची ताकद झपाट्याने जाते. म्हणून लेप हवा. जुन्या पद्धतीत त्याला ‘डोप’ म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार : नायट्रेट आणि ब्युटिरेट. नायट्रेट डोप धाग्याला चांगला धरतो, पण तो भडकन पेटतो. ब्युटिरेट आगीला तुलनेने कमी बळी पडतो. नायट्रेटवर ब्युटिरेट चालतो, उलट क्रम चालत नाही.

कापसात डोप धाग्याच्या आत मुरतो. पॉलिस्टरच्या धाग्यात तो मुरत नाही, त्याला नुसते वेढून धरतो. म्हणून पहिले हात पातळ करून, कुंचल्याने दाबून द्यावे लागतात, तरच तो कापडाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकाला पकडतो. ते नीट झाले नाही, तर काही वर्षांनी रंग पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय वाळताना ताणणारा डोप आधीच आवळलेल्या पॉलिस्टरवर दिला, तर ताण इतका वाढतो की फासळ्या वाकतात.

मधल्या थरात ॲल्युमिनियमची भुकटी असते. त्या चंदेरी थराचे काम शोभेचे नाही, ते उन्हाला अडवण्याचे आहे. शेडमध्ये दिवा आतून धरला आणि कापडातून उजेड दिसला, तर थर अपुरा आहे असे समजावे. वजन वाचवण्यासाठी वरचे रंगाचे हात कमी करावेत, चंदेरी थर नव्हे. आणि शेपटी किंवा पंखाच्या हलत्या भागांवर रंग चढला की त्यांचा तोल पुन्हा तपासावाच लागतो, कारण तिथले थोडे जास्त वजनही वेगात भाग थरथरायला पुरेसे असते.

आज डोपला पर्याय आहेत. विनाइल आधाराच्या लेपांची पद्धत आहे, पाण्यात मिसळणाऱ्या लेपांची आहे. कारखान्यातच लेप दिलेले, रंगवावे न लागणारे जर्मन बनावटीचे ‘ओराटेक्स’सारखे कापडही आहे. ते महाग, पण वजन आणि श्रम वाचवते. प्रत्येक पद्धतीत गुण-दोष आहेत. कोणतीही एक घ्या, पण पूर्ण घ्या.

सरमिसळ का घातक?

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. स्टीव्ह विटमन हे तिथल्या हलक्या विमानांच्या जगातले दिग्गज. शर्यती जिंकलेले, स्वतः विमाने रचलेले. ऑशकॉशच्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे. २७ एप्रिल १९९५ रोजी ९१ वर्षांचे विटमन पत्नीसह फ्लोरिडाहून ऑशकॉशकडे निघाले आणि अलाबामात त्यांचे स्वतः बांधलेले विमान हवेतच मोडले. दोघेही गेले. तपासात निघाले ते असे : पंखाच्या प्लायवूडवर चिकटवलेले कापड एका ठिकाणी सुटले, त्यामुळे पंख आणि त्याचा हलता भाग थरथरू लागला आणि पंख तुटला. कापड नीट बसवलेले नव्हते. ते चिकटवण्याची रीत त्या कापडाच्या निर्मात्याच्या पुस्तिकेशी जुळत नव्हती.

साठ-सत्तर वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या हातून हे घडले. म्हणून ‘इतकी वर्षे असेच करतो आहोत’ या वाक्याला विमानाच्या कामात जागा नसावी. एका कंपनीचे कापड, दुसरीचा गोंद, तिसरीचा डोप आणि वरून मोटारीचा रंग, यातली प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे उत्तम असू शकते. त्या एकमेकींना धरतील का, हे कोणी तपासलेले नसते. मोटारीचा कडक रंग लवचीक कापडावर तडकतो, ही तर नेहमीची तक्रार. टाक्यांच्या धाग्याचेही तसेच : वीस वर्षे टिकणाऱ्या पॉलिस्टरला कापसाच्या धाग्याने शिवले, तर आवरणाचे आयुष्य त्या धाग्याएवढेच.

कायदाही हेच सांगतो. प्रमाणित विमानावर मूळ कापड बदलून दुसरे चढवायचे, तर त्या विमानासाठी मान्य असलेली पद्धत लागते, आणि काम परवानाधारक अभियंत्याच्या सहीने पूर्ण होते. काहींना यात लाल फीत दिसते. विटमन यांच्या अपघातानंतर तरी तसे म्हणणे अवघड आहे.

मग कापसाच्या बाजूने काहीच नाही?

आहे. जुने विमान जसे होते तसे जतन करायचे असेल, ते संग्रहालयात ठेवायचे किंवा वर्षातून मोजकेच उडवायचे असेल, तर कापूस किंवा लिनन समर्थनीय ठरते. त्याची वीण, डोपखालचा पोत पॉलिस्टरला येत नाही. मूळ प्रमाणपत्रातच कापूस असल्याने वेगळी परवानगीही लागत नाही. पण ‘ग्रेड ए’ दर्जाचे कापसाचे कापड आता मिळणेच दुर्मीळ झाले आहे. आणि शिकाऊ वैमानिक रोज ज्यावर उडणार, त्या विमानाला जतनाचा न्याय लावता येत नाही.

वऱ्हाडच्या हवेत काय वेगळे?

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. एवढ्या उष्णतेत लेपातला द्रव फार लवकर उडतो, थर सपाट बसण्याआधीच सुकतो आणि त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. पावसाळ्यात उलट अडचण. द्रव उडताना कापड गार होते, हवेतली वाफ त्यावर धरते आणि डोप पांढुरका पडतो. असा पांढुरका थर कमजोर असतो. म्हणून इथे हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत आटोपणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट आगीची. जिनिंगमध्ये एका ठिणगीने काय होते, हे या भागाला सांगायला नको. वाळलेल्या नायट्रेट डोपवर घासकाम करताना स्थिर वीज तयार होते. तेवढी ठिणगीही पुरते. सांगाड्याला अर्थिंग हवे, जमीन ओली हवी, विजेची साधी उपकरणे दूर हवीत. जिथे ही सोय नाही, तिथे पाण्याच्या आधाराची पद्धत निवडणे हाच शहाणपणा, भले ती शिकायला वेळ लागो.

खर्च कसा मोजावा?

दोन आसनी विमान मढवायला कित्येक शे तास काम लागते : जुने उतरवणे, गंज आणि कूज तपासणे, शिवणे, पट्ट्या लावणे, थरामागून थर. या सगळ्यात कापडाची किंमत छोटा वाटा असते. तिथे थोडे पैसे वाचवून आवरण पाच वर्षांत पुन्हा उतरवावे लागले, तर तेच शेकडो तास पुन्हा. म्हणून हिशेब मीटरमागे नव्हे, दर वर्षामागे मांडावा. शेतकरी बियाण्याच्या पिशवीच्या किमतीवर नव्हे, एकरी उताऱ्यावर वाण ठरवतो, तसाच हा प्रकार. याच मापाने पाहिले, तर आज पॉलिस्टरला पर्याय नाही.

वऱ्हाडने याकडे का पाहावे?

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाची मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले आहे. त्यासाठीची पायपर आणि डायमंड विमाने धातूची आणि संमिश्र पदार्थांची आहेत, कापडाची नाहीत. तरीही विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याच्या अभ्यासक्रमात कापडाचे प्रकार, त्यातले दोष, तपासणी आणि दुरुस्ती हा भाग आजही आहे. तो बहुतेकदा पुस्तकातच उरकला जातो. वैमानिकांच्या बरोबरीने विमाने सांभाळणारे हातही या भागात तयार व्हायचे असतील, तर एखाद्या जुन्या पंखाच्या सांगाड्यावर विद्यार्थ्यांकडून कापड चढवून घ्यावे. त्याला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. शिवण, ताण, इस्त्रीचे तापमान आणि पुस्तिका ओळीने पाळण्याची शिस्त, एवढे त्यातून अंगी बाणते. ही शिस्त धातूच्या आणि संमिश्र विमानांनाही तितकीच लागते.

आणि कापसाचे काय? तो विमानातून पूर्ण गेलेला नाही. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारे बारीक तंतू, ज्यांना लिंटर म्हणतात, ते जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रेट आणि ब्युटिरेट डोप हे सेल्युलोजपासूनच बनतात, आणि लिंटर हा त्याचा एक जुना स्रोत. कापूस पंखाच्या कापडातून निघाला, तरी पंखाच्या लेपात त्याला जागा उरली. तेल्हाऱ्याच्या कापसाचा अभिमान बाळगायचा, तर तो इथल्या सरकीवर पुढची प्रक्रिया करण्यात बाळगावा. पंखावर काय चढवायचे, ते मात्र पुस्तिकेलाच ठरवू द्यावे.